आतोबा, गेरू आणि डोळ्यांवाचून बसलेले गणपती

ज्याला काहीही झालेलं नाही अशा कुत्र्याला मिनीडोर रिक्षाच्या खिडकीशी बसवून, त्याच्या सीटचे पैसे मोजून, पेणच्या दवाखान्यात नेणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. हे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. राहणार जोहे. तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात ते गेली तीसेक वर्षं आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. माती दुसऱ्याची, साचा तिसऱ्याचा, रंग चौथ्याचा, पण शेवटी आतोबांनी बुबुळ टेकवल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर पडत नाही. त्यामुळे त्यांचा रुबाब मालकापेक्षा काकणभर जास्तच आहे.

कुत्र्यांची नावं ते रंग-मातीवरून ठेवतात. हल्लीचा गेरू. त्याच्या आधीचा शाडू. गेरूची एक प्लास्टिकची फाईल आहे. त्यात लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, वजनाचे आकडे, सगळं जागच्या जागी. गेरूचं वजन किती, हे आतोबा झोपेतून उठवलं तरी सांगतील, स्वतःचं विचारलं तर म्हणतात, "असंल काहीतरी." आत्याने एकदा त्यांची रक्तदाब तपासल्याची चिठ्ठी चुकून त्या फाईलमध्ये ठेवली, तर ती बाहेर काढून तिच्या हातात देत म्हणाले, "ही गेरूची नाय." मिनीडोरमध्ये दर वेळी कुणीतरी विचारतंच, "काय झालंय याला?" आतोबा म्हणतात, "काय नाय झालंय." "मग दवाखान्यात कशाला?" "काय नाय झालंय म्हणूनच नेतोय." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघतात. गेरूही बघतो. विचारणारा उगाच आपल्या पिशवीतली भाजी नीट लावत बसतो.

पण त्यांची खरी खोड निराळीच. कुठलाही कुत्रा दिसला, की ते त्याच्याशी दोन शब्द बोलतात, अंगठ्याने त्याचा ओठ वर करतात आणि हिरड्या बघतात. ओळखीचा असो, अनोळखी असो, रस्त्यावरचा असो. आणि आश्चर्य म्हणजे आजवर एकही कुत्रा त्यांना चावलेला नाही. माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा रोह्याजवळच्या अष्टमी गावात मुलगी बघायला आम्ही पाचजण गेलो. पोहे आले, मुलगी आली, थोरल्यांनी शिक्षणबिक्षण विचारायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की आतोबा खुर्चीवर नाहीत. ते ओटीवर उकिडवे बसून त्या घरच्या कुत्रीचा ओठ वर करून बघत होते. आत येऊन भर बैठकीत मुलीच्या वडिलांना म्हणाले, "सगळं बरं हाय, पण हिला उद्या दाखवून आणा. हिरड्या फिक्या हायत." मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. आमचे काका खाकरले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतः रिक्षा करून कुत्रीला घेऊन गेली, औषध आणलं, आणि चार दिवसांनी तिकडून होकार आला. बायको अजून म्हणते की तिने होकार आतोबांना दिला होता, मी सोबत आलो.

तेव्हा मला हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटे. मी रोह्याला शाळेत शिकवतो. मुलांना प्रगतिपुस्तकं वाटून वाटून मला कुठल्याही तपासणीचा कंटाळा आहे. आतोबांच्या खोडीमागचं कारण आत्याने मला खूप उशिरा सांगितलं.

शाडू कारखान्यातच वाढला. कारखान्यात मूर्ती घासतात तेव्हा पांढरी भुकटी उडते, ती सगळ्यांवर बसते. माणसांच्या भुवया पांढऱ्या, चहाच्या कपांचे कान पांढरे, कुत्र्याचं तोंड पांढरं. त्या वर्षी ऐन सीझनमध्ये शाडू जरा मलूल होता. आतोबांनी त्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या. भुकटी चाटली असेल, असं म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं आणि पुन्हा डोळे काढायला बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच पुसलं. तो गोचीडताप होता, अंगातलं रक्त कमी होत चाललं होतं. पेणला नेला तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. ज्या माणसाला गणपतीच्या बुबुळात केसाएवढा फरक लांबून कळतो, त्याला आपल्या कुत्र्याच्या तोंडातला पांढरा रंग कळला नाही, हे आतोबांना फार लागलं. विसर्जनानंतर उरलेल्या मातीतून त्यांनी वीतभर उंचीचा शाडू केला. कान, शेपूट, बसण्याची ढब, सगळं हुबेहूब. फक्त डोळे काढले नाहीत. तो तसाच त्यांच्या बसण्याच्या जागेसमोर फळीवर असतो. मी एकदा विचारलं, "आतोबा, याचे डोळे राहिलेत." तर ब्रश धूत म्हणाले, "राहू दे, मास्तर. त्यानं माझ्याकडं बघावं, एवढा धीर नाय मला."

गेल्या श्रावणात मी घरचा गणपती ठरवायला जोह्याला गेलो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक दारातच उभे होते, कपाळाला हात लावून. "मास्तर, तुम्हीच सांगा आता यांना! दोनशे गणपती डोळ्यांवाचून बसलेत, परवा गाडी भरायचीय, आणि हे कुत्र्याला घेऊन पेणला चाललेत. आजारी असता तर मी स्वतः गाडी दिली असती!" आतोबा शांतपणे गेरूच्या गळ्यात पट्टा घालत होते. तपासणीची तारीख होती. "देव थांबतात," ते म्हणाले. "कुत्रा नाय थांबत." गेरू शेपूट हलवत होता, सकाळी दोन भाकऱ्या खाऊन बसला होता. मला मालकांचं पटत होतं. तरी मी सोबत गेलो; मिनीडोरमध्ये गेरूला खिडकी मिळाली, मला मधली जागा.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी वजन केलं, छाती ऐकली, पोट चाचपलं. पोटाशी त्यांचा हात जरा थांबला. "काका, रक्त बघूया," म्हणाल्या. तासाभराने कागद हातात घेऊन त्या बाहेर आल्या. गोचीडतापच होता.

आतोबा बाकावर बसून होते ते उठले. "मी रोज बघतो त्याच्या हिरड्या," ते म्हणाले. "रोज. आज सकाळीपण बघितल्या. गुलाबी होत्या."

"गुलाबीच आहेत, काका. आत्ता बाहेरून कुणालाच काही दिसणार नाही, मलाही रक्तातच दिसलं. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर अवघड होतं. आता गोळ्या देऊ, बरा होईल."

मी सुटलो असं मला झालं. आतोबा मात्र तसेच उभे होते. गेरूच्या डोक्यावर हात, नजर त्या कागदावर. मग त्यांनी विचारलं, "बाय, असा तारखेला आणला असता, तर वाचला असता काय?"

बाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आधीचा कुत्रा," मी म्हणालो. "गोचीडतापानेच गेला." आपण काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. बाईंनी थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, "बहुतेक वाचला असता, काका."

आतोबांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी खांद्यावरच्या रंगाळलेल्या फडक्याने पुसले, आणि गालाला थोडा पिवळा रंग लागला. "बरं झालं खरं सांगितलंस," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी गेरूला पुन्हा खिडकीशी बसवलं. कारखान्यात आले, हात धुतले, बसले आणि डोळे काढू लागले. गाडी वेळेवर भरली गेली. मालकांनी नंतर गेरूसाठी कोलाडहून पेढे आणले, ते अर्थातच आत्याने त्याला मिळू दिले नाहीत.

दिवाळीत मी आणि बायको फराळ घेऊन जोह्याला गेलो. सीझन संपला की तो कारखाना ओळखू येत नाही. साचे पालथे, फरशी धुतलेली, मधोमध गेरू तंगड्या पसरून झोपलेला, अंगावर चांगली तकाकी आलेली. सवयीने मी फळीकडे बघितलं. शाडूला डोळे होते. तपकिरी, ओलसर, त्यातला एक जरा जास्त मिटलेला, तो खरोखरच बघायचा तसे. पण समोर बसणाऱ्या आतोबांकडे तो बघत नव्हता. नजर खाली होती, उजवीकडे, जिथे गेरू झोपला होता तिथे.

"कधी काढलेत?" मी विचारलं.

"गोळ्या संपल्या त्या दिवशी." आतोबांनी गेरूचा ओठ अंगठ्याने वर करून बघितला आणि सोडला. "लक्ष ठेव म्हणून सांगितलंय त्याला. माझ्या एकट्याचं लक्ष पुरत नाय."