घासलेला चासी नंबर

आजही एखादी जुनी पिकअप शेजारून गेली की माझी नजर आधी तिच्या पुढच्या चाकामागे, चासीकडे जाते. नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. हे एक मिसळलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. घरामागे पत्र्याच्या शेडखाली दगडांवर उभी केलेली एक गाडी होती, आणि ती नेमकी कोणाची, एवढाच प्रश्न होता.

मी तेव्हा आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. दसरा नुकताच झाला होता. आमच्या भागात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडणीच्या टोळ्या भरून ट्रक कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात, आणि असे कोयते जमवून टोळी नेतो तो मुकादम. या दिवसांत ठाण्याचं काम बदलतं. कुलूपबंद घरांवर गस्त वाढवावी लागते आणि वाहनचोरीच्या तक्रारी वाढतात. त्या वर्षी शेजारच्या दोन ठाण्यांतून पिकअप चोरीला गेल्या होत्या.

अशात ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने खबर जशीच्या तशी स्टेशन डायरीत घेतली: “वस्तीवर चोरीची पिकअप उभी हाय. चासीचा नंबर घासून टाकलाय. रंग मारून इकायच्या आत बघा.” वस्तीचा पत्ता नीट सांगितला. नाव विचारताच फोन ठेवला.

मी हवालदार आणि दोन पंच घेऊन दुपारीच निघाले. वस्तीवर पोचलो तेव्हा चाळिशीचा एक माणूस गाडीखाली उताणा पडलेला होता. फक्त पाय बाहेर. त्याची बायको गाडीच्या मागच्या हौद्यात बसून पत्र्याचा गंज खरवडत होती. आमची जीप बघून ती थांबली नाही. तिने फक्त नवऱ्याच्या पायाला बाहेरून काठीने टोचलं.

“अवो, निघा भाईर. पोलीस आलेत.”

गाडीचं एक दार निळं होतं, एक पांढरं. केबिन तिसऱ्याच रंगाची. हवालदाराला राहवलं नाही.

“हिला गाडी म्हणतोस व्हय बे? वरातीतला घोडा तरी एका रंगाचा असतो.”

“रंग सगळ्यात शेवटी, साहेब,” तो माणूस हात पुसत म्हणाला. “आधी हाडं नीट पायजेत.”

“आन निळं दार माझ्या बाजूचं हाय,” वरून बायको म्हणाली. “त्याला हसू नका.”

मी गाडीची कागदपत्रं मागितली. नोंदणीपुस्तक होतं, पण नगरकडच्या एका दूधवाल्याच्या नावावर. बंद पडलेली गाडी त्याच्याकडून घेतली, रस्त्यावर आली की नावावर करू, असं उत्तर. इंजिन नंबर जुळेना. इंजिन आणि केबिन भंगारातून आणल्याचं त्याने सांगितलं. राहिला चासी नंबर. मी स्वतः वाकून पाहिलं. जिथे आकडे ठोकलेले असायला हवेत तिथे चासीची पट्टी ग्राइंडरने साफ घासलेली होती आणि वरून लाल प्रायमर मारलेला. नंबराची खबर शब्दाला शब्द खरी निघाली.

जप्ती पंचनामा केला. चाकं चढवून गाडी ट्रॅक्टरला बांधली आणि ठाण्याच्या आवारात आणली. ही जप्ती चूक नव्हती. आजही मी तीच केली असती. नंबर घासलेली, इंजिन बदललेली, दुसऱ्याच्या नावावरची गाडी सोडून देणारा अधिकारी एकतर आळशी असतो किंवा विकला गेलेला.

पण गाडी आवारात लागल्यावर मी तिच्याभोवती दोन-तीन चकरा मारल्या. काहीतरी बसत नव्हतं. चोरीच्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. चोर दिसणाऱ्या भागावर खर्च करतो. बाहेरून लांबी भरतो, चकचकीत रंग मारतो, आतला गंज तसाच ठेवतो. इथे उलटं होतं. बाहेर तीन रंगांची गोधडी, आणि खाली स्प्रिंगचे पाटे सुटे करून घासलेले, हौद्याच्या खालची एकेक पट्टी नव्याने वेल्ड केलेली. विकायची गाडी माणूस बाहेरून रंगवतो. असली मेहनत ठेवायच्या गाडीवर होते.

आणखी एक बारीक गोष्ट दिसली. चासीवर सगळीकडे प्रायमर घट्ट बसला होता. फक्त नंबराच्या जागी त्याला फोड आले होते. नख लावलं की पापुद्रा सुटत होता.

नवऱ्याला चौकशीला बोलावलं होतं. त्याला इंजिनाबद्दल विचारलं की थांबवावं लागे. कोणत्या भंगारवाल्याकडे किती हेलपाटे मारले, गिअर बॉक्स कसा जुळवला, दर वर्षी ऊसतोड करून आलं की पावसाळाभर दोघं कसे या गाडीच्या मागे लागायचे, सगळं सांगत होता.

“औंदा कारखान्याला जायचंच न्हाई ठरवलंय, मॅडम. गाडी चालू झाली की कांदा, शेळ्या, बाजाराचा माल. गावातच राहायचं.”

“ते ठीक आहे. चासी नंबर कोणी घासला?”

तो टेबलाकडे बघायला लागला.

“माहीत न्हाई.”

“तुझ्या शेडमध्ये, तुझ्या ग्राइंडरने घासला, आणि तुला माहीत नाही?”

“न्हाई माहीत.”

हवालदार मला बाहेर घेऊन म्हणाला, “मॅडम, सरळ केस आहे.” मला ती सरळ वाटत नव्हती. खोटं बोलणारा माणूस सगळीकडे थोडं थोडं खोटं बोलतो. हा एकाच ठिकाणी अडत होता. असा माणूस बहुतेक वेळा स्वतःला वाचवत नसतो.

तेवढ्यात ठाण्यात एक पाहुणा आला. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, हातात पाण्याची बाटली. ठाण्यात कोणाला आणलं की सर्वांत आधी कोण धावत येतं, हे मी नेहमी बघत असे. याचा भाऊ अजून आला नव्हता, चुलते आले नव्हते. आला तो त्यांचा मुकादम.

“लई गरीब मानसं हायेत, मॅडम,” तो म्हणाला. “जामीन लागला तर मी हाय. गाडीचं तुमी कायद्यानं चालू द्या. तवर ह्यांना कारखान्याला घेऊन जातो. इथं बसून खातेन काय?”

मी त्याला चहा पाजला आणि जाऊ दिलं.

बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. माणूस स्वतःच्या घरात जास्त खरं बोलतो, शिवाय घरही काहीतरी सांगतं. दुसऱ्या दिवशी मी महिला शिपायाला घेऊन वस्तीवर गेले. ती बाई अंथरुणं बांधत होती. पातेली, तवा, पाण्याची कॅन, सगळं दाराशी काढून ठेवलेलं. टोळी निघायच्या आधीचा तो पसारा या जिल्ह्यात कोणीही ओळखतो.

“निघालात?”

“मग काय करू? गाडी तुमच्याकडं. मुकादम म्हणतेत, पोलिसात गेलेली गाडी गंजूनच भाईर येती.”

ते खोटं नव्हतं. आमच्या आवारात मागच्या कुंपणाला लागून जप्त गाड्यांची रांग होती. काहींच्या टपावर वेल चढले होते.

बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. खुंटीला दोन कोयते टांगले होते. पाती आरशासारखी लख्ख, आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते, त्याची ही बोटं होती.

“कोयते फार चमकवलेत.”

“चमकवावंच लागतेत. लोखंड उघडं केल्याबिगर पूजा होत नसती. गंजावर कुंकू लावत असतेत का कुठं?”

मी विचारलं, “आणि गाडीची पूजा केली का यंदा?”

“केली की! औंदा कोयत्याचं काम न्हाई, गाडीचं हाय. मग तिचा मान पयला. ह्यांनी पत्र्याला हात लावू दिला न्हाई. म्हणले, डाग पडतेन. मग म्या खाली जिथं सगळ्यात जाड लोखंड दिसलं तिथं गिरमिट मारलं.” ग्राइंडरला ती गिरमिट म्हणत होती. “गंज न् चिखल लई होता. पार कोयत्यावाणी लख्ख केलं. मग हळदकुंकू, तांदूळ, नारळ.”

“तिथे आकडे होते.”

“कसले आकडे?”

“गाडीचा नंबर. तोच घासला म्हणून गाडी जप्त आहे.”

ती खालीच बसली. म्हणाली, “त्यांना ठावं हाय का हे?”

“माहीत असावं. तो तोंड उघडत नाही.”

“मला बोलले न्हाईत. एक शब्द बोलले न्हाईत.” तिने डोळे पुसले नाहीत, उलट रागावली. “येडा माणूस! म्या केलं तर म्या सांगते की. द्या कागद, अंगठा कशाला, सही करते.”

जबाब घेतला. पण जबाब म्हणजे पुरावा नव्हे, आणि चांगली गोष्ट सांगणारे आरोपी मी कमी पाहिले नव्हते. ठाण्यात परत येऊन तेच पंच बोलावले. त्यांच्यासमोर नंबराच्या जागचा फुगलेला प्रायमर ब्लेडने हळूच सोडवला. लाल पापुद्र्याखाली पिवळा थर होता. तेलात कालवलेली हळद. त्यात चिकटलेले तांदळाचे दोन दाणे. तेलावर प्रायमर धरला नव्हता, म्हणून फोड आले होते. नवऱ्याने पूजेनंतर न बघताच वरून ब्रश फिरवला होता, आणि नंबर तिथेच होता हे त्याला आम्ही दाखवलं तेव्हा कळलं होतं.

नंबर खोडणारा चोर त्या जागी अक्षता वाहत नाही. पंचनाम्यात एवढंच लिहिलं की काय सापडलं. बाकीचं वाचणाऱ्याला समजतं.

नगरकडच्या दूधवाल्याचा जबाब आला. त्याने गाडी विकल्याचं मान्य केलं. भंगारवाल्याने इंजिनाची आणि केबिनची पावती दाखवली. चोरीला गेलेल्या एकाही गाडीशी काही जुळलं नाही. चासीच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेला पत्र गेलं. लोखंडावर आकडा ठोकला की दाब आतपर्यंत जातो. वरचा थर घासला तरी रसायन लावल्यावर आकडा पुन्हा उमटू शकतो. पण त्या अहवालाला वेळ लागणार होता, आणि टोळी त्याच आठवड्यात निघणार होती. तोवर गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, त्या जोडप्याला द्यायला पोलिसांची हरकत नाही, असं म्हणणं मी कोर्टात दिलं.

राहिली खबर. ती मला सोडत नव्हती. घासलेला नंबर रस्त्यावरून दिसत नाही, शेडमधूनही दिसत नाही. गाडीखाली वाकावं लागतं, किंवा तो घासताना तिथे हजर असावं लागतं. बाईंना विचारलं, पूजेला कोण कोण होतं? घरचेच, ती म्हणाली. आणि पुरणपोळी खायला मुकादम, तो घासायच्या आधीच येऊन खाटेवर बसला होता.

मी त्याला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही.

“फोन तुम्ही केलात.”

“कसला फोन, मॅडम?”

“तिने ग्राइंडर धरला तेव्हा तुम्ही शेजारी खाटेवर बसला होतात. तिला आकडे माहीत नव्हते. तुम्हाला होते. तुमच्या दोन गाड्या आहेत.”

त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि बंद केलं.

“म्या खोटं काय बोललो? नंबर घासलाय, घासलेलाच निघाला ना?”

“चोरीची आहे म्हणालात.”

“मला काय ठावं? संशय आला.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, तुमी एक कोयता बघताव. मला टोळी बघावी लागती. ही म्हणायली, आमी न्हाई येत. तिचं ऐकून आणखी दोघी म्हणायल्यात, आमी पन कायतरी बघतो. आसं एकेक गळालं तर कारखान्याला काय तोंड दाखवू?”

मी त्याच्यावर काही करू शकले नाही. अंमलदाराने घेतलेली नोंद पुन्हा वाचली. संशयाने खबर देणं हा गुन्हा नाही, आणि बाकी शब्द खरेच होते. खबर खरी की खोटी हे तपासायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. खरी खबरसुद्धा कोणाच्या तरी कामाची असते, आणि ती नेमकी त्याच दिवशी का आली हे विचारायचं असतं, हे तिथे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर खबर आली की मी पथक पाठवायचेच. फक्त जाताना मनात एक प्रश्न सोबत न्यायचे: या घरात उद्या काय बदलणार होतं, जे कोणाला नको आहे?

टोळी निघायचा दिवस उजाडला तरी कोर्टाचा आदेश हातात नव्हता. ठाण्यासमोरच्या रस्त्यावर ट्रक येऊन थांबला. त्यात बायका, पोरं, गाठोडी, शेळ्या. ती जोडी सकाळपासून ठाण्याच्या फाटकात बोचक्यांवर बसली होती. कोयते बोचक्यातून बाहेर डोकावत होते. मुकादम दोनदा हॉर्न वाजवायला सांगून गेला. तेवढ्यात हवालदार मोटारसायकलवर आदेश घेऊन आला.

सुपूर्दनाम्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. सही करून बाई म्हणाली, “मॅडम, पुढल्या खंडेनवमीला पूजा कुठं लावू मग?”

“बॉनेटवर. आणि खाली हात घालायचा नाही.”

“डाग पडतेन म्हणतेत हे.”

“पडू द्या,” नवरा म्हणाला. ठाण्यात आल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

गाडी सुरू होईना. हवालदाराने, ज्याने तिला वरातीचा घोडा म्हटलं होतं, मागून खांदा लावला. दोन शिपाई लागले. फाटकाच्या उतारावर इंजिन खोकलं, विझलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. काळा धूर ट्रकच्या दिशेने गेला. बाईने बोचकी हौद्यात फेकली, निळं दार उघडलं आणि आत बसली.

ट्रकमधून कोणीतरी ओरडलं, “अगं, ही चालती व्हय?”

“चालती की! तुझ्या डोळ्यापुढं चालली!”

मुकादम ट्रकला निघायची खूण करत होता. ट्रक निघाला, पण हौद्यातल्या बायका पुढे बघत नव्हत्या. फळीवरून वाकून, माना वळवून, त्या उलट्या दिशेने निघालेल्या निळ्या दाराकडे बघत होत्या.