वजाबाकीवाल्या वाघमारे मॅडम

एरवी ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या वाघमारे मॅडम विद्यार्थ्याला ‘आपण’ म्हणाल्या की समजावं, आज धडगत नाही. लोणी काळभोरच्या आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे तिथलाच मास्तर.

कधीही टपकणाऱ्या गोष्टींची मोजदाद म्हणजे पॉयसन चल. अशा दोन स्वतंत्र चलांच्या वजाबाकीत मी सरासरीबरोबर व्हेरियन्सही, म्हणजे आकड्यांचा चढउतारही, वजा करून ठेवला होता. “आपण थोर आहात,” मॅडम म्हणाल्या. “आता गेटवर जा. दर पाच मिनिटांत आत किती गाड्या येतात, बाहेर किती जातात ते मोजा आणि वजाबाकी करा.”

वॉचमन असल्या गिऱ्हाइकांना ओळखून होता. “वजाबाकीवालं न्हवं? या हिकडं सावलीत,” म्हणाला. दुपारभर मोजलं. वजाबाकीची सरासरी शून्याच्या आसपास, पण आकडा असा उधळायचा की नुसत्या येणाऱ्या गाड्या त्यापुढे शहाण्या वाटाव्यात.

“सरासरी वजा होते, गोंधळ होत नाही. दोघांचा गोंधळ बेरजेतच येतो. शिरलं का आपल्या डोक्यात?” मॅडमनी विचारलं.

नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. वाघमारे सरांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड. ते मांजरी गावातल्या घरून डबा घेऊन वर्गाच्या दारात आले की मॅडम फळ्याकडे वळून म्हणायच्या, “आमच्या ह्यांचं बोलणं दुप्पट, म्हणून व्हेरियन्स चौपट.” सर शांतपणे म्हणायचे, “भाजी तिखट आहे. भाजी तिखट आहे.” आम्ही खिदळायचो.

गेल्या वर्षी सर गेले. मॅडम राजीनामा देणार असं कळलं. त्यांच्याशिवाय ते डिपार्टमेंट म्हणजे नुसती बाकडी. मांजरीला गेलो, तर नातेवाईक सांगत होते, निदान रोजची भांडणं तरी संपली. मीही अक्कल पाजळली, “मॅडम, माणूस वजा झाला तरी व्हेरियन्स बेरजेतच येतो. तुमचंच सूत्र आहे. त्रास तर होणारच.”

मॅडम माझ्याकडे वळल्या.

“गाढवा, सूत्र लावण्याआधी अट बघतोस का कधी? ते स्वतंत्र चलांचं आहे. आम्ही कुठे होतो रे स्वतंत्र?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे करत होत्या. मला रडूच फुटलं.

त्यांनी पदराने चष्मा पुसला. “एकमेकांत गुंतलेल्या चलांचा धडा राहिलाय अजून. तो मुलांना कोण शिकवणार, तू? सोमवारी येते मी. सोमवारी येते.”