कॅसेटमधला आईचा आवाज

डांबरगोळ्यांचा वास आला की मला नांदेडची ती खोली आठवते, जिथं माझं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या जुन्या दुलया टांगलेल्या, पंखा बंद, कानावर हेडफोन. भोकरला वस्तीतल्या कार्यक्रमात मी मोकळी गायची, इथं गळाच उघडेना. रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले, "पोरी, कुणाला ऐकवून राहिलीस? भिंतीला?" मग त्यांनी बाहेर बसलेल्या माझ्या आईला आत आणलं आणि बजावलं, "बाई, चकार शब्द काढायचा न्हाई." आई समोर बसली आणि मी गायले. शेवटचा सूर लांबवला तशी ती सवयीनं मोठ्यानं म्हणाली, "हाव माय, हाव!" आमच्याकडं चांगलं गाणं कुणी गप्प बसून ऐकत नाही. काकांनी कपाळाला हात लावला, पुन्हा गाऊन घेतलं, पण ते काही तसं जमलं नाही, म्हणून कॅसेटवर गेलं ते आईच्या आवाजासकटच. पुढं मी पुष्कळ कॅसेटा केल्या. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. परवा एकानं ते पहिलं गाणं इंटरनेटवर टाकायला साफ करून पाठवलं. "ताई, त्यातला सगळा कचरा काढला बघा," म्हणाला. मी म्हटलं, "तो कचरा परत घाल, न्हाईतर गाणं टाकू नको."