आधी ह्यायले

त्या आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाशीमच्या दवाखान्यात त्या माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर होत्या. रिठदच्या मळ्यात पडून पाय मोडला होता, पण तोंडून कधी हाय नाही. घरी जायच्या दिवशी सिस्टर न्यूमोनियाची लस घेऊन आल्या.

"मले कायले? आधी ह्यायले द्या. कवाचे खोकून राह्यले!" आजींनी उशाशी बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं.

"भरती असलेल्यांनाच देतो, आजी."

"मंग ह्यायले भरती करा. मी खाली बसते."

सिस्टर हसत डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांनी आजोबांना तपासून होकार दिला. आजोबांच्या दंडात सुई शिरली, तेव्हा डोळे गच्च मिटले ते आजींनी.