अकरावा बार

नवरीला नारळ फोडायचा नाही, नुसता ठेवायचा. जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या त्या गावात हा नियम सत्तावीस वर्षं पाळला गेला. का, ते फक्त अल्लाबक्षला ठाऊक होतं.

नवरी म्हणजे माळावरचे काळे दगडी खांब. सहाकोनी, एकाला एक खेटून उभे, दोन पुरुष उंच. सांगलीच्या कॉलेजातला एक मास्तर सांगून गेला होता की ज्वालामुखीचा रस थंड होताना असा चिरत जातो, असेच खांब तिकडं समुद्राकाठीही आहेत. गावानं मान डोलावली आणि त्याची पाठ वळल्यावर हसून घेतलं. हे वऱ्हाड आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! तहानलेल्या धनगराला पाणी दिलं नाही, त्यानं शाप दिला, आणि नवरी, करवल्या, वाजंत्री जागच्या जागी दगड झाले. पण पूर्वी या गोष्टीला कुणी भीत नव्हतं. पोरं खांबांवर चढायची, शेळ्या सावलीला बसायच्या. भीती घातली ती अल्लाबक्षनं.

अल्लाबक्ष मूळचा मिरजेचा. बाप सुरुंगवाला, हाही सुरुंगवाला. बापानं त्याला एक गोष्ट थोबाडीत मारून मारून शिकवली होती. खडकात जितकी भोकं दारूनं भरशील तितके खडे डाव्या मुठीत घे. एक बार उडाला की एक खडा टाक. मूठ रिकामी झाल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, आणि एक जरी खडा उरला तरी त्या खडकाजवळ माणूस सोडायचा नाही.

पाझर तलावाला दगड हवा होता म्हणून ठेकेदारानं त्याला या गावात आणलं. ईदचा आदला दिवस. नवरीच्या पायाशी अकरा भोकं भरली, वाती पेटवल्या आणि हा बांधाआड मूठ आवळून बसला. नऊ आवाज झाले. साडेचारची मिरजेची एसटी गाठायची होती. दोन-दोन बार एकदम उडाले असतील, असं त्यानं स्वतःला पटवलं. हातात दोन खडे राहिले होते. ते बोरीच्या जाळीत भिरकावले आणि शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी तो मिरजेत शीरखुर्मा ओरपत होता, तेव्हा सिद्राम पहार घेऊन दगड उकलायला गेला. सिद्राम म्हणजे कामावरचा त्याचा जिवलग, एका ताटात जेवणारा. पहारीचा तिसरा ठोका न उडालेल्या भोकावर पडला. पहार खाली ओढ्यात सापडली, उजवा हात खांबांच्या माथ्यावर. तोंड म्हणून काही उरलंच नव्हतं, म्हणून बायको बनुबाईला फडकं बाजूला करू दिलं नाही. पाळण्यात दहा महिन्यांचा नाथाजी रडत होता.

अल्लाबक्ष धावत आला. लोकांनी विचारलं, "बार समदं उडालं हुतं न्हवं?"

खरं बोलायची वेळ ती होती. पण माणसाचं काळीज ऐन वेळी कसं पळ काढतं बघा! तो म्हणाला, "समदं उडालं. म्या मोजलंय. नवरी जागी झाली, दुसरं काय. तिला लोखंड सोसत न्हाई."

बस्स, गावाला तेवढंच हवं होतं. मग नवरीला जागं केलं कुणी? कुणीतरी म्हणालं, बनुबाई न्याहारी घेऊन वर गेली तेव्हा विटाळशी होती. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला केसाला धरून घराबाहेर काढली. आधी बायकांनी चपलांनी मारलं, मग एका म्हातारीनं दगड उचलला आणि पाठोपाठ सगळ्यांनी. कपाळ फुटलं, डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं. ती पोराला पोटाशी धरून आडवी पडली होती, म्हणून पोर वाचलं. आणि हा बहाद्दर अल्लाबक्ष? हा त्याच गर्दीत उभा होता. ना हात हलला, ना तोंड. पुढं आडावर पाणी नाही, कुणाच्या कार्याला बोलावणं नाही, असं तिचं सारं आयुष्य गेलं.

आठ दिवसांनी तो एकटाच माळावर गेला. दुसरं भोक त्याला सापडलं. अर्धी जळून विझलेली वात, खाली भरलेला बार जशाच्या तसा. ठेकेदाराला सांगावं तर पहिल्या बाराचं बिंग फुटणार. त्यानं वर एक चपटा दगड ठेवला आणि खाली आला. आता या दगडाला बायकांनी शेंदूर फासायला नको होता, पण त्यांनी फासला! पहिल्याच अमावास्येला एकीनं त्याच्यावर नारळ आपटायला हात उचलला आणि अल्लाबक्ष किंचाळला, "फोडू नगा! तिला अख्खा नारळ पायजे!" तेव्हापासून तो नियम. दर अमावास्येला तो तिथं जाऊन राखण करायचा. लोक म्हणायचे, मुसलमान असून केवढी भक्ती!

सुरुंगाचं काम त्यानं सोडलं, गावातच पंक्चर काढायचं दुकान टाकलं. बनुबाईच्या घरी जेवणारा तो एकटाच. ती भाकरी वाढताना म्हणायची, "साऱ्या गावात मानूस म्हनावा असं तुमीच, भाई." तो मान खाली घालून घास गिळायचा. नाथाजी त्याच्याच मांडीवर वाढला.

यंदा रस्त्याचं काम निघालं. विश्वजीत नावाच्या ठेकेदारानं माळावरचा दगड फोडायचा परवाना काढला आणि ड्रिलला हवा पुरवणारा कंप्रेसरचा ट्रॅक्टर आणला. लोखंड लावायला गावातला एक माणूस तयार होईना. तयार झाला तो नाथाजी. "पयलं भोक तिच्याच छाताडात," असं तो चौकात सगळ्यांसमोर म्हणाला.

अल्लाबक्षच्या कानावर आलं तेव्हा तो ट्यूब घासत होता. ट्यूब तिथंच टाकून तो माळाकडं पळाला. बासष्ट वर्षांचा माणूस, दोनदा ठेचकाळून पडला. वर पोचला तर कंप्रेसर धडधडत होता. नाथाजीनं शेंदरी दगड लाथेनं उलथला होता, नारळ चहूकडं गडगडले होते. बाजूला बनुबाई बसली होती. जिच्यापायी कपाळ फुटलं तिचे तुकडे बघायला ती मुद्दाम आली होती.

"नाथा, थांब! ती घेईल तुला!"

"घेऊ दे की चाचा! माझा बा घेतला, आईचं डोस्कं फोडलं. आज म्या घेतो तिला."

अल्लाबक्षनं ड्रिल धरलं. नाथाजीनं त्याला असं ढकललं की तो खांबावर आपटला आणि भुवई फाटली. ड्रिलचं टोक त्या भोकापासून वीतभर अंतरावर टेकलं. अल्लाबक्ष पन्नास पावलं मागं गेला असता तर स्वतः वाचला असता. मग बार उडाला असता, भोकाचा पुरावाही उरला नसता, आणि गाव म्हणालं असतं की नवरीनं बापापाठोपाठ लेकही घेतला. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं हवेचा पाइप दोन्ही हातांनी धरून उपसला. सुटलेला पाइप फणकाऱ्यानं उसळून त्याच्याच गालफडावर बसला, दोन दात खाली पडले. ड्रिल बंद पडलं.

"खाली बार हाय," तो रक्त थुंकत म्हणाला. "माझा हाय. अकरा भरलं हुतं, नऊच उडालं. दोन खडं मुठीत ऱ्हायलं, ते म्या टाकून दिलं. एक तुझ्या बाच्या पहारीखाली सापडला. दुसरा ह्यो बघ." त्यानं बोटांनी माती उकरली. काळी पडलेली वात वर आली.

ठेकेदार विश्वजीत पहिला पळाला, चप्पल तिथंच टाकून. नाथाजी पळाला नाही. त्यानं अल्लाबक्षला गचांडी धरून लांब बांधापर्यंत फरफटत नेलं आणि मारायला सुरुवात केली. लाथ, बुक्की, जे सुचेल ते. "इटाळ? माझ्या आईचा इटाळ?" दर लाथेला हेच. बरगडी मोडल्याचा आवाज झाला. अल्लाबक्षनं हात वर केला नाही. शेवटी नाथाजीनं बांधावरचा दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर नेम धरला.

बनुबाईनं मागून त्याचं मनगट धरलं.

"सोड आये! दया येती व्हय तुला ह्याची?"

"दया कसली रं? तोंड फोडू नगंस त्याचं. तोंडाचं काम हाय."

ती खाली वाकली. सत्तावीस वर्षं 'तुमी' म्हणणारी बाई म्हणाली, "माझ्या हातचं जेवलास. ऊठ."

विश्वजीतनं फोन केला होता, पोलीस आणि सुरुंग काढणारी माणसं दुपारी यायची होती. त्याआधी तिनं त्याला गावात आणलं. पुढं ती, मागं बरगडी धरून तो, त्याच्यामागं नाथाजी. पहिला दगड जिनं मारला होता, त्या आता नव्वदीला टेकलेल्या म्हातारीच्या दारात ती थांबली. कडी वाजवली. म्हातारी बाहेर आली आणि रक्त बघून भिंतीला टेकली.

"सांग," बनुबाई म्हणाली.

"बार अकरा हुतं," अल्लाबक्षनं सुरुवात केली.

गावात एकशे चाळीस उंबरे आहेत. बनुबाईनं एकही सोडला नाही.