ड्रिलमधला बारीक आवाज

लेकीनं अमरावतीत फ्लॅट भाड्यानं घेतला, तेव्हा पडद्यांचे रॉड लावायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. "माणूस कायले बोलावते? मी आहो ना," असं तिला फोनवर सांगून हे त्याच संध्याकाळी अकोल्याच्या बाजारातून बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन आले. घरात वायरचं जुनं ड्रिल होतं, पण त्याचं वजन आता यांच्या खांद्याला झेपत नव्हतं. हे त्यांनी सांगितलं नाही, माझं मीच ओळखलं.

नोकरीची सगळी वर्षं हे दालमिलमध्ये मशीनचे मिस्त्री होते. मशीन अडली की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचं, ही यांची पद्धत. मिलमध्ये यांच्या कानाला मान होता. रिटायर झाल्यावरही शेजारच्या मिक्सरचा नुसता आवाज ऐकून हे त्याचं दुखणं सांगायचे, आणि ते सहसा बरोबर निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक जुनी फळी घेऊन हे ड्रिल चालवून बघायला बसले. मी बाजूला मेथी निवडत होते. स्क्रू अर्धा आत गेला आणि ड्रिल कटकटकट वाजायला लागलं. स्क्रू तिथंच थांबला.

"काहून ओरडून राहिली ही? नवीनच मशीन, अन् गिअर खाते का काय?" यांनी ड्रिल उलटंपालटं केलं. पुढच्या बाजूला आकडे लिहिलेली एक कडी होती. ती फिरवून बघितली, तेव्हा स्क्रू सरळ आत गेला. कटकट बंद. "पाह्य, जोर किती लावायचा ते या कडीवर असते. तेवढा जोर झाला का ती सुटते, तेच वाजत होतं. मशीन चांगली आहे."

यांचा चेहरा खुलला. मग मी म्हटलं, "अजी, पण तो दुसरा आवाज कायचा आहे?"

"कोणता?"

"बारीक. ची करते ना ती. तुमी बटन हळूच दाबता तवा."

यांनी बटन हळूच दाबलं. ड्रिल अजून फिरतही नव्हतं, आणि तो आवाज आला. डास कानाशी यावा तसा, पण सरळ, न हलणारा. दातांत शिरणारा.

"आला," मी म्हटलं.

"काही नाही येत. तुह्या कानात वाजत असंन."

मी पुन्हा मेथीकडे वळले. पण यांना राहवेना. मिस्त्री माणूस, कुणी मशीनला नावं ठेवली की ते मनातून जात नाही. यांनी ड्रिलचं पुढचं टोक काढलं, दुसरं बसवलं. "आता?" आहे. बॅटरी काढून पुन्हा लावली. "आता?" आहे. टोक अजिबात न लावता दाबलं. तरी आहे. ड्रिल कानाशी नेलं, डाव्या, मग उजव्या. मान हलवली. मला खरंच वाटायला लागलं, की माझ्याच डोक्यात काहीतरी झालं असावं.

मग हे म्हणाले, "पाठ कर."

मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. हातात मेथीची काडी तशीच.

"आवाज आला का सांग."

थोडा वेळ काहीच नाही. मग आला. "आला," मी म्हटलं. मग बंद. पुन्हा बराच वेळ शांत. हे मला फसवायला बघत होते हे माझ्या लक्षात आलं. "आला... गेला... आता आला." असं कितीदा झालं कोण जाणे. शेवटी मागून ड्रिल फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मी वळले.

हे स्वतःच्या हाताकडे बघत होते. "आवाज मशीनमधी आहे," ते म्हणाले. "मलेच येत नाही."

दुपारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं खोक्यातून तसंच दुसरं ड्रिल काढलं, बटन हळूच दाबलं. तोच आवाज. "काकू, हे सगळ्याच मशीन करतात. बटन जरासं दाबलं का मोटरले करंट जाते, पण फिरण्याइतका नाई. म्हणून गुणगुणते. बिघाड नाई तो." मग यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमाले तं लक्षातच आलं असंन."

"हो, आलं ना," हे म्हणाले.

मी पिशवी उचलली.

गाडीवर मागे बसून येताना मला गेली काही वर्षं आठवत राहिली. स्वयंपाकघरातून मी काही विचारायचे आणि बाहेरून उत्तर यायचं नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, मोर्शीहून भावाचा फोन आला होता, आज गुडघा दुखतो आहे. छोटीच बोलणी. उत्तर येत नाही म्हटल्यावर मी आधी रागावले, मग रागवायचंही सोडलं आणि हळूहळू तसं बोलणंच सोडून दिलं. माणूस म्हातारपणी असाच होतो, अशी मी समजूत घातली होती. यांना मी नकोशी झाले असं नाही, पण आता ऐकण्यासारखं आपल्याकडे काही उरलं नाही, असं मात्र वाटायचं. त्यातलं सगळंच काही कानामुळे नव्हतं. वीजबिल भरायचं राहिलं, हे तर यांना कान चांगले होते तेव्हाही कधी ऐकू यायचं नाही. पण किती कानामुळे आणि किती नाही, हे आता कसं निवडणार?

घरी आल्यावर चहा घेताना हे आपणहून बोलले. "मिलमधी शेवटी शेवटी मी मशीनवर हात ठेवूनच सांगत होतो. थरथर कळे. मले वाटे, हात तयार झाला आपला. स्क्रू-ड्रायव्हर लागतच नाही आता." मग म्हणाले, "कान गेला होता तो."

"पण सांगत होता ते बरोबर निघे ना?"

"निघे."

"मंग?"

त्यांनी उरलेला चहा पूर्ण संपवला.

पुढच्या आठवड्यात अमरावतीला गेलो. रॉड दिवसभरात लागले, सरळ लागले. संध्याकाळी लेकीला मी सगळं सांगितलं. ती त्यांना दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला वाटलं होतं, हे नाही म्हणतील. पण लहान मुलासारखे तिच्यामागं गेले. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली, कागदावर एक रेघ आली, उजवीकडे घसरत गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाडे आवाज ठीक आहेत, बारीक गेलेत. वय आहे, आणि इतकी वर्षं मशीनच्या आवाजात गेली आहेत.

कानाचं मशीन लावलं त्या पहिल्या दिवशी हे वैतागले. पेपरची पानं उलटताना दचकले. कुकरची शिट्टी झाली तर म्हणाले, "केवढ्यानं वाजते!" रात्री जेवताना माझ्या बांगड्यांकडे बघत राहिले.

ते मशीन आजही हे दिवसभर घालत नाहीत. दुपारी काढून उशाशी ठेवतात. म्हणतात, थोडं शांत बरं वाटते. मी आता आतून हाक मारत नाही. काही सांगायचं असलं, अगदी मिठाबद्दलही, तर हात पुसून बाहेर येते, यांच्या समोर बसते आणि सांगते.