मामांचे खांब

गाड्यांचा इतका मनापासून द्वेष करणारा माणूस नाशकात दुसरा झाला नसेल. माझे मोठे मामा द्वारकेच्या चौकातसुद्धा हात वर करून मधोमध चालतात. मागून हॉर्न वाजला की वळून शांतपणे म्हणतात, "बोला, काय काम होतं?" माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला सजवलेल्या गाडीतून उतरवून कार्यालयापर्यंत चालवत नेलं होतं. वऱ्हाड हसत होतं, नवरदेव घामाघूम.

द्वेषाचं मूळ मामीत होतं. मधुमेहानं तिची दृष्टी गेली, पण भद्रकालीच्या बाजारात एकटीनं जाऊन मेथीची जुडी चाचपून घ्यायची हौस गेली नाही. एकदा गल्लीतच रिक्षा तिला घासून गेली आणि मामीनं उंबरा ओलांडणं सोडलं. मग मामा पेटले. अर्ज, सह्या, धरणं. 'रस्ता आधी पायांचा' हे पत्रक मी लिहिलं, मामांनी घरोघर वाटलं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे लोखंडी खांब बसले. सकाळी माल उतरेपर्यंत खाली, मग दिवसभर वर. मामी काठी टेकत पुन्हा बाजारात निघाली. लेक पहिल्यांदा शाळेत निघावी तसे मामा ओट्यावरून बघत राहिले.

दसऱ्याला त्यांनी खांबांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचे जाडजूड हार. "यंत्रच आहे ना ते? मग त्याला मान नको?" दुसऱ्या दिवशी खांब हारांसकट खाली गेले आणि फुलं-दोरे आत अडकून खालीच रुतले, वर येईनात. ठेकेदाराचा माणूस वाकून म्हणाला, "काका, देव्हारा केला का याचा?" गेला तो पुन्हा आलाच नाही.

मामीला हे कुणी सांगायचं नाही, अशी मामांची ताकीद. रोज ती निघाली की हे गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभे.

"ओ बाबा, मरायचंय का?" दुचाकीवाले ओरडत.

"हळू बोल रे, ती येतेय."

पुढं गुडघे सुजले, एका हँडलनं मनगट दुखावलं, तरी उभे. मग एके दिवशी मामीनंच पिशवी खुंटीला लावली. "मला नाही चालवत आता. बाजार पुरे."

"अगं, खांब आहेत ना!"

"आहेत हो."

मामा आत गेल्यावर तिनं मला जवळ ओढलं. "लोखंडाला घामाचा वास येतो का गं कधी?"

हल्ली संध्याकाळी दोघं ओट्यावर बसतात. समोरून, पायाला वारा लागेल इतक्या जवळून, गाड्या जातात. "मेनरोडचा आवाज आहे गं, लांबचा," मामा सांगतात. मामी मान डोलावते आणि पाय हळूच आत ओढून घेते.